‘घरीच असते’ या उत्तराचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



बेकारीचा आकडा उतरला की राज्यकर्ते तो मिरवतात आणि आपण तो खोटा ठरवून मोकळे होतो. दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. आकडा कोणत्या प्रश्नातून निघाला, हे तपासणे अवघड आहे. पण कार्यकर्त्याचे काम तेच आहे.

आपल्यासारख्या देशात बेकारी एका आकड्यात मावत नाही, असे दांतवाला समितीने १९७० साली सांगितले. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ च्या फेरीपासून तीन मापे लावली: वर्षभराची नेहमीची स्थिती, सात दिवसांची साप्ताहिक स्थिती आणि अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडणारी दैनिक स्थिती.

मापे चांगली होती. पण शेतमजूर स्त्रीचे उदाहरण घ्या. खुरपणी-काढणीला ती राबते. उन्हाळ्यात गावात काम नसते, म्हणून ती कोणाच्या दारी जात नाही. काम शोधले नाही तरी करण्याची तयारी असली, तर तिला बेकार गणावे असा नियम आहे. परंतु ‘काय करता?’ या प्रश्नाला ती ‘घरीच असते’ म्हणते आणि तिच्या नावापुढे ९२ किंवा ९३ हा संकेतांक पडतो. पहिला निव्वळ घरकामाचा. दुसरा घरकामाबरोबर सरपण, वैरण, शिवणटिपण करणारीचा. दोन्ही श्रमशक्तीबाहेर! तिची बेकारी कागदावरून नाहीशी होते. २०२४ च्या कालवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८, असे आढळले. त्याला निष्क्रियता कसे म्हणावे?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामे निघाली, तेव्हा याच ‘घरी असणाऱ्या’ बायका खडी फोडायला आल्या. काम नव्हते म्हणून त्या घरी होत्या. काम नको होते म्हणून नव्हे. १९७७ चा रोजगार हमी कायदा या अनुभवावरच उभा राहिला.

दुसरा प्रश्न मुदतीचा. २०१७ पासूनच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत शहरातील घरी चारदा, तर खेड्यातील घरी एकदाच भेट होई. एका भेटीत स्थिती कळते, ती किती काळ टिकली हे कळत नाही. जानेवारी २०२५ पासून खेड्यातही लागोपाठ चार महिने चार भेटी होतात. काम सुटून ‘घरी’ गेलेली बाई पुन्हा कामावर कधी आली, हे आता काही अंशी दिसू शकेल. मात्र चार महिने म्हणजे शेतीचे वर्ष नव्हे.

म्हणून दोन मागण्या करू या. या चार भेटी जोडून रिकाम्या काळाची लांबी प्रसिद्ध व्हावी. आणि ‘घरीच असते’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला ‘गावात काम मिळाले तर कराल का?’ हे विचारले जावे. तोवर आपापल्या गावातील वीस घरांची बारा महिन्यांची वही आपणच ठेवू या. सरकारी आकड्याशी वाद घालायचा, तर हातात आपली वही हवी.