दोन इंजिनांचे छोटे विमान



रेडिओने चालणाऱ्या छोट्या विमानांच्या नादी लागलेल्या मंडळींना कधी ना कधी दोन इंजिनांचा सोस लागतोच. डाकोटासारखे डौलदार विमान आपल्या हातून उडावे, असे कोणास वाटणार नाही? मग प्रश्न येतो, इंजिने केवढी घ्यावीत. सामान्य समजूत अशी की, इंजिन जितके मोठे तितकी निर्धास्ती. आम्हांला ही समजूत घातक वाटते.

एक इंजिन उड्डाणातच बंद पडले असे धरा. मिथेनॉलवर चालणाऱ्या लहान इंजिनांचे हे व्हायचेच. चालू बाजू पुढे धावते, बंद बाजू मागे राहते आणि विमान तिकडे वळत वळत कलंडते. हा पीळ किती, ते चालू इंजिनाची ओढ आणि त्याचे मध्यरेषेपासूनचे अंतर यांवर ठरते. त्याला आवरणारे सुकाणू मात्र वेगावर जगते. वेग निम्मा झाला की त्याचे बळ चौथाईवर येते. म्हणून वर चढताना, वेग थोडा आणि थ्रॉटल पुरा अशा वेळी, मोठे इंजिनच विमानाला उलथवते. खऱ्या डाकोटाच्या वैमानिकाला तो झटका अंगाला जाणवतो. आपण जमिनीवर उभे, आपल्याला तो उशिरा दिसतो. आणि खाली पोरेबाळे उभी असतात.

मग माप कोणते? जे विमान एका १० सी.सी. इंजिनावर नीट उडते, त्याला ५ ते ६.५ सी.सी.ची दोन पुरेत. निम्म्याहून थोडे अधिक एवढ्यासाठी, की दुसरे इंजिन आणि टाकी यांचे वजन वाढते. एकट्याने विमान सपाट उडत ठेवावे, एवढेच बळ त्यात हवे. १० सी.सी.ची दोन बसवणे म्हणजे टांग्याला हत्ती जुंपणे होय.

६.५ सी.सी.ला १० इंची प्रोपेलर शोभतो. असल्या दोन प्रोपेलरांच्या फेऱ्याचे क्षेत्रफळ एका १४ इंचीहून किंचित जास्तच भरते. तेव्हा ओढीची उणीव नाही. हौसेने ११ इंची लावला, तर तेवढ्याच पिचला आणि तेवढ्याच वेगाने फिरवायला सुमारे दीडपट शक्ती लागते. इंजिन दमते, तापते आणि थांबते. शिवाय प्रोपेलर लहान असला की इंजिन धडाला बिलगून बसवता येते, म्हणजे पीळही कमी. (राइट बंधूंनी १९०३ साली एकाच इंजिनाने, साखळ्या लावून, दोन प्रोपेलर फिरवले, त्यांना ही विवंचनाच नव्हती. साखळी तुटली तर गोष्ट वेगळी!)

दोन्ही इंजिनांचा सूर तंतोतंत जुळवण्यात पुष्कळजण सकाळ घालवतात. थोडाफार फरक विमानाला कळतही नाही. त्यापेक्षा दोन्हींना इंधन जरा जास्तच मिळेल अशी सुई ठेवावी, विमानाचे नाक आभाळाकडे धरून पुरा थ्रॉटल द्यावा, आणि एकही इंजिन कुरकुरले तर विमान खालीच ठेवावे. आणि वर गेल्यावर एक थांबलेच, तर आधी चालू इंजिनाचा थ्रॉटल कमी करावा, नाक खाली घालून वेग राखावा आणि समोर जागा असेल तर तेथेच उतरावे. वळणे भागच पडले, तर चालू इंजिनाच्या बाजूस वळावे.