ओझं किती, त्याआधी ओझं कुठं?

जिल्हा मेळाव्यातील भाषण



भाव, कर्ज, वीज यांवर या मेळाव्यात बोलणं होईलच. आम्ही आज बोलणार आहोत शेतातून जिनिंगपर्यंत कापूस नेणाऱ्या ट्रॉलीवर. विषय लहान वाटेल. पण वर्षभर राबून पिकवलेला माल आणि तो नेणारा घरचा कर्ता पोरगा, दोघंही त्या दोन-चार तासांच्या वाटेवर एका पिनेच्या भरवशावर असतात. रस्त्याच्या कडेला उलटलेली ट्रॉली आणि कापसानं पांढरा झालेला नाला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. लोक म्हणतात, नशीब. आम्ही म्हणतो, यात नशिबाचा वाटा थोडा आणि वजनाच्या हिशोबाचा जास्त.

बैलगाडी भरताना आपला बाप काय करायचा ते आठवा. ओझं मागं पडलं तर गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसायचा. सगळं पुढं भरलं तर बैलांच्या माना सुजायच्या. म्हणून धुरकरी चार पोती मागंपुढं करायचा, जू हातानं उचलून पाहायचा आणि थोडं जड लागलं की मगच बैल जुंपायचा. ट्रॅक्टर आला आणि हे शहाणपण आपण गोठ्यातच ठेवून आलो. इंजिन ओढतंय ना, मग भरा! पण ओढायची ताकद इंजिनात असते; वळायची आणि थांबायची ताकद चाकं जमिनीला किती धरून आहेत यात असते.

आता हिशोब करू. दोन चाकी ट्रॉली घ्या. आखापासून हूक ९ फूट पुढं आहे असं धरा. आखाच्या ३ फूट मागं ५० किलोची ६ पोती, म्हणजे ३ क्विंटल ज्वारी ठेवली, तर हुकावरचा भार १ क्विंटलनं कमी होतो. तीच पोती आखाच्या ३ फूट पुढं ठेवली, तर १ क्विंटलनं वाढतो. माल तोच, पोती तेवढीच, आणि हुकावर फरक २ क्विंटलचा!

हुकावर भार फार झाला तर काय होतं? हूक मागच्या चाकांच्याही मागं असतो. मागच्या आखापासून हूक ३ फूट आणि पुढचा आख ६ फूट असेल, तर हुकावरचे ४ क्विंटल पुढच्या चाकांवरचे २ क्विंटल उचलतात. चढावर हे आणखी वाढतं. ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. हे तपासणं अवघड नाही. माल मोजायला भुईकाट्यावर जातोच. भरलेली ट्रॉली जोडलेली असताना फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा वाचा. कमी भरला तर पुढं वजनं लावा, नाहीतर माल मागं सरकवा. आणि ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. वरच्या दांड्याला साखळी बांधून ओढणारा ट्रॅक्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत मागं उलथतो.

भार फार कमी झाला, म्हणजे माल मागं पडला, तर उलटा धोका. ट्रॉली शेपटी हलवू लागते. आधी थोडी, मग वेग वाढला की जास्त, आणि शेवटी तीच ट्रॅक्टरला हाकू लागते. अमेरिकेत लोक सुटीवर जाताना मोटारीमागं चाकांवरचं घर ओढतात. त्यांनाही हाच त्रास होतो. तिथला नियम असा की ट्रॉलीच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर हवा. हुकावरचा भार पुढच्या चाकांपर्यंत पोचवायला ते स्प्रिंगच्या पोलादी दांड्या लावतात, हेलकावा दाबायला घर्षणाची दांडी लावतात. पण तिथले जाणकारही सांगतात, आधी माल नीट भरा. चुकीचं भरलेलं दांडीनं सुधारत नाही. आपल्याकडं त्या दांड्या नाहीत, गरजही नाही. जड पोती तळाशी, आखाच्या थोडी पुढं. डावी-उजवी बाजू सारखी. दोन्ही टायरांत हवा सारखी. झिजलेली पिन बदललेली आणि तिला खालून कडी घातलेली. एवढं केलं तरी हेलकावा बराच मरतो. तरीही ट्रॉली डोलू लागली, तर स्टिअरिंग सरळ धरा, हळूच रेस सोडा. जोरात ब्रेक मारू नका.

चार चाकी ट्रॉलीत हुकावर भार जवळजवळ येत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण पुढची चाकं वळली की तिचा पाया अरुंद होतो, आणि वर कापसाचा डोंगर असेल तर ती वळणावर आडवी होते. कापूस हलका म्हणून आपण उंच भरतो. जितकं उंच, तितकं कलायला सोपं.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे बहाद्दर गावोगाव आहेत. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. मग मागचं सगळं ओझं ट्रॅक्टरला ढकलतं आणि तिरपं करतं. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच दाबू नका. शेतात वेगळे ठेवलेले दोन्ही ब्रेक रस्त्यावर येण्याआधी कडीनं जोडा. आणि लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं.

आता कोणी म्हणेल, साहेब, हे सगळं खरं, पण एका खेपेतच माल न्यावा लागतो. बरोबर आहे. भाड्याचा ट्रॅक्टर खेपेनं पैसे घेतो. केंद्रावर रांग दोन-दोन दिवसांची. उधारीवाला दारात उभा. शेतकरी हौसेनं डोंगर रचत नाही. बाजाराची घाई त्याच्या ट्रॉलीवर चढून बसलेली असते. पोलिसांना मात्र फक्त डोंगर दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीनं जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार झाला. दंड वाढवणं सोपं असतं, रांग कमी करणं अवघड.

म्हणून आमचं म्हणणं दुहेरी आहे. बाजार समिती आपल्या मालावर सेस घेते. तो व्यापारी भरतो म्हणतात, पण शेवटी निघतो आपल्याच भावातून. त्या पैशातून आवारात मुक्कामाची सोय, दिवे आणि मोजणीचे आधी ठरवून दिलेले वार आपण मागितले पाहिजेत. म्हणजे कोणाला रात्री अंधारात निघावं लागणार नाही. हा ठराव आज मांडायचा आहे.

आणि जे आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणाकडं अर्ज करायचा नाही. वेचणीच्या आधी एका संध्याकाळी गावातल्या सगळ्या ट्रॉल्या चावडीपुढं आणा. पिन, कडी, टायर, मागचा लाल दिवा, फाळक्यावरच्या चमकत्या पट्ट्या बघा. ताडपत्रीनं दिवा झाकत नाही ना, ते बघा. वेचणीच्या बायांना कापसाच्या ढिगावर बसवून आणायचं नाही, हे गावानं ठरवा. ट्रॉली माणसांसाठी नाही. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि रोजावर आलेल्या त्या बाईच्या लेकरांना कोणी विचारत नाही.

घामाचे दाम मागायला आपण एकत्र आलो आहोत. ते दाम घ्यायला माणूस घरी पोचला पाहिजे. एवढं सांगून थांबतो.