तिलाच विचारा

(भवानीनगर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. ताई म्हणाल्या, तुम्ही करोनाच्या वेळी लंडनला लस घेतली, तेवढंच सांगा. लंडन नव्हे, त्याच्या पश्चिमेला स्लाऊ म्हणून गाव आहे. आपल्याकडची माणसं तिथं इतकी, की दुकानात मेथी, कोथिंबीर, गवार सगळं मिळतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मी गेले ती लेकीच्या बाळंतपणाला. आपल्या वयाच्या बायका परदेशी जातात त्या बहुतेक ह्याच कामाला. बॅगेत डिंक, आळीव, सुंठ. परतीचं तिकीट जानेवारीचं. नोव्हेंबरात नात झाली. पाळणा माझ्या धाकट्या जावेनं इथून फोनवर म्हटला. डिसेंबरात तिकडं विषाणूचा नवा प्रकार निघाला आणि आपल्या सरकारनं २२ तारखेच्या रात्रीपासून तिकडची विमानं थांबवली. जानेवारीत ती सुरू झाली, तोवर तिकडं कडक टाळेबंदी. ओल्या बाळंतिणीला सोडून यायला मन होईना. व्हिसाची मुदत वाढवून घेतली आणि जुलै २०२१ पर्यंत राहिले.

दोन खोल्यांचं घर. एकीत जावई कॉम्प्युटरवर, दुसरीत लेक आणि बाळ, मी स्वयंपाकघरात. तिघांचं जेवण, बाळाचे कपडे, शेक-शेगडी. शेगडी कसली, गरम पाण्याची पिशवी!

ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० ला लस सुरू झाली. पहिली कुणाला, तर मार्गारेट कीनन नावाच्या नव्वद वर्षांच्या आजीबाईंना. आपल्या घरात आजीचा नंबर पहिला लागलेला मी तरी पाहिला नाही. तिथून वयाप्रमाणे यादी खाली येत गेली आणि मार्चमध्ये साठीतल्या लोकांचा नंबर लागला. मी एकसष्ट वर्षांची. मला वाटलं, पाहुण्या बाईला कोण लस देतंय? पण तिथल्या सरकारनं फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं, की देशात असलेल्या कुणालाही लस फुकट, कागदपत्रं कशीही असोत. तरी नाव घालायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी पत्त्याचा पुरावा मागितला. लेकीनं नियम दाखवला, दोन खेपा घातल्या, तेव्हा काम झालं. तिकडं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. त्या साथीत बांगलादेशी, पाकिस्तानी घरांतली माणसं गोऱ्यांच्या मानानं जास्त दगावली.

लसीच्या दिवशी जावई बरोबर आले, मला इंग्रजी येत नाही म्हणून. नर्स तिशीची असेल. तिनं काही विचारलं, जावयांनी ताबडतोब उत्तर दिलं. तिनं मान हलवली, माझ्याकडं हात केला आणि पुन्हा बोलली. जावई जरा ओशाळले. म्हणाले, "आई, ती म्हणतेय, तुम्हालाच विचारून सांगायचं. लस हवी आहे ना? नको असेल तर तसंच परत जाता येईल."

मला काय बोलावं सुचेना. लस हवीच होती, त्यासाठीच तर गेले होते. पण १९८८ साल डोळ्यांपुढं आलं. लेक झाली आणि दुसऱ्या महिन्यात मला ऑपरेशनच्या शिबिराला नेलं. शाळेच्या पडवीत सतरंज्यांवर ओळीनं आम्ही बायका. कागदावर सही ह्यांची. मी सातवी शिकलेली, मला सही येत होती, पण माझ्यापुढं कागद आलाच नाही. मूल मलाही नको होतं, म्हणजे विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. पण विचारलं नाही ते नाहीच. तेहतीस वर्षांनी सुई टोचण्याआधी एक परकी पोर मला विचारत होती. मी "येस" म्हणाले. तेवढं इंग्रजी येतं.

रात्री ताप आला, अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी जावयांनी मुगाची खिचडी केली. मीठ जास्त झालं होतं. मी मुकाट्यानं खाल्ली, कारण झोपून असताना आयतं ताट हातात यायची ती माझी बाळंतपणानंतरची पहिलीच वेळ.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

आपल्याकडं १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना आणि १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस सुरू झाली. माझी धाकटी जाऊ एकोणपन्नास वर्षांची. दिरांनी पहिल्याच आठवड्यात घेतली. ते कामावर जातात, चार माणसांत वावरतात, म्हणून त्यांना आधी. ही घरातच असते, हिला काय घाई? मी फोनवर म्हटलं, तूही जा. ती म्हणाली, "जाऊबाई, ह्यांना दोन दिवस ताप होता. मी पण आडवी झाले तर भाकरी कोण थापणार? आणि नंबर लावायचा तर ह्यांच्या मोबाइलवर. ते आले की सांगते." तोवर केंद्रांवर लसच संपली. त्या एप्रिलात महाराष्ट्रात कितीतरी केंद्रं लसीवाचून बंद पडली होती.

महिन्याच्या मध्याला घरात आजार शिरला. दीर, सासूबाई, पोरं, सगळ्यांचं तिनं केलं. काढे, वाफा, अंथरुणं, कपडे. बाकीचे उठले तेव्हा ती पडली. खाट मिळेपर्यंत दीड दिवस गेला आणि मे उजाडता उजाडता बारामतीत ती गेली. घरी आणली नाही. मी ते फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ऐकलं. एका डोसानं ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की तिची पाळी आली होती आणि घरात कुणी तिला "तू कधी जातेस?" असं विचारलं नाही. मीसुद्धा एकदाच म्हटलं आणि सोडून दिलं.

मला तिकडं मिळाली ती ॲस्ट्राझेनेकाची लस. आपल्याकडची कोविशील्ड तीच, पुण्याला हडपसरच्या सीरममध्ये तेव्हा तयार व्हायची. त्याच मार्चमध्ये सीरमकडून पन्नास लाख डोस ब्रिटनला गेले. भवानीनगरहून हडपसर एसटीनं तीन तासांवर आहे. मी बाटलीवरचं नाव वाचलं नाही, पण हे कळल्यापासून तो दंड कधीकधी मला माझा वाटत नाही.

सुनेचीही गोष्ट सांगते. १ मेपासून अठराच्या वरच्यांना लस मिळणार म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, की पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका. सरकारनं ते खोटं आहे असं सांगितलं, तरी सून दोन महिने थांबली. घेतल्यावर तिची पाळी थोडी मागंपुढं झाली. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. पुढं जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. लसीनंतर पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं आणि पुन्हा जागेवर येतं, असं त्यात दिसलं. म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं, पण बायका सांगत होत्या ते खोटंही नव्हतं. हे आधीच कुणी विचारून ठेवलं असतं, तर अफवेला एवढं बळ आलं नसतं.

इथल्या आशाताईंना मात्र मी बोल लावणार नाही. घरोघर फिरून याद्या त्यांनीच केल्या, आणि त्यांनाच जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला.

जुलैत मी घरी आले. त्या वर्षीही तुकोबांच्या पादुका एसटीनंच पंढरपूरला गेल्या. आपल्या रस्त्यावर वारकरी नाहीत, रांगोळ्या नाहीत. दीर ओट्यावर बसून होते. मी चूल पेटवली. नंतर त्यांनी कपाटातला जावेचा आधार कार्डाचा कागद माझ्या हातात दिला. मोबाइल नंबर दिरांचा होता.

माझं एवढंच होतं. आता चहा आहे. ज्यांच्या आरोग्याच्या कार्डाला नवऱ्याचा नाहीतर पोराचा नंबर लावलेला आहे, त्यांनी चहा घेऊन त्या खिडकीपाशी या. आशाताई बसल्यात, नंबर कसा बदलायचा ते सांगतील. ज्यांच्याकडं फोनच नाही, त्यांनीही या.