गाडी चालवणारीलाही सुट्टी हवी

आम्ही साताऱ्याच्या तिघी, दोघी जावा आणि एक नणंद. वयं 52, 58 आणि 62. गेल्या नोव्हेंबरात आम्ही न्यूझीलंडला गेलो आणि तिथे भाड्याची गाडी घेऊन स्वतः फिरलो. बरोबर ड्रायव्हर नव्हता आणि टूरवालेही नव्हते. परत आल्यापासून हळदीकुंकवाला गेलो की एकच प्रश्न येतो, "कसं जमवलंत?" म्हणून आज त्या आखणीबद्दल सांगतो. आमची पहिली आखणी साफ चुकली होती, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही ठिकाणं मांडली. ऑकलंडला उतरायचं, रोटोरुआ, वेलिंग्टन, तिथून बोटीने गाडीसकट समुद्र ओलांडून दक्षिण बेटावर, मग ख्राइस्टचर्च, टेकापो, क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड. रात्री मोजून 11. एवढे पैसे खर्च करून जायचं तर काही सुटायला नको, असा हिशोब. किलोमीटरची बेरीज दोन हजारांच्या वर गेली, पण रस्ते चांगले असतात म्हणून आम्ही ती मनावर घेतली नाही.

गाडी आमच्यातल्या दोघींना येते. वन्सं कधी शिकल्या नाहीत. धाकटी रोज कामावर गाडीने जाते. थोरली जाऊ मात्र गावातल्या गावात, मंडई आणि बँक एवढीच चालवते. आखणीत आम्ही निम्मं अंतर तिच्या नावावर टाकलं आणि तिला विचारलंही नाही. दोन बैठका ती गप्प होती. तिसऱ्या वेळी चहा ओतता ओतता म्हणाली, "मला घाटात भीती वाटते गं. तुमचा बेत मोडू नये म्हणून बोलले नाही."

ते ऐकून वन्सं म्हणाल्या, "म्हणजे घरच्यासारखंच झालं की. दिवाळी सगळ्यांची आणि स्वयंपाकघरातल्या बाईला सुट्टी नाही. इथे फक्त चुलीच्या जागी स्टिअरिंग."

त्या दिवशी आम्ही ते पान फाडलं. नवी आखणी करताना एकच गोष्ट धरून चाललो. आधी गाडी चालवणाऱ्या दोघींचे तास ठरवायचे, मग त्या तासांत बसतील तेवढीच ठिकाणं घ्यायची. नकाशातल्या वेळेची आम्ही दीडपट केली, कारण नकाशा चहाला थांबत नाही आणि फोटोलाही थांबत नाही. दिवसाला नकाशातले साडेतीन-चार तास, त्यापुढे नाही. मुक्काम हलवला की दुसऱ्या दिवशी शक्यतो तिथेच राहायचं. आणि विमानातून उतरल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. भारतातून जाताना वाटेत विमान बदलावं लागतं, आणि तिथलं घड्याळ नोव्हेंबरात आपल्या साडेसात तास पुढे असतं. अशा झोपमोडीत अनोळखी रस्त्यावर गाडी घालणं धोक्याचं.

या हिशोबात उत्तर बेट आखंच्या आखं गळलं. वाईट वाटलं, पण उरलं ते नीट बसलं. ख्राइस्टचर्चला 2 रात्री. तिथून सुमारे 225 किलोमीटरवर टेकापो तळं, तिथे 2 रात्री. मधल्या दिवशी पुकाकी तळ्याच्या कडेकडेने माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन यायचं, एका बाजूला साधारण 105 किलोमीटर. एव्हरेस्टवर गेलेले हिलरी याच डोंगरांत तयार झाले. मग लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन, 3 रात्री. तिथून 170 किलोमीटरवर ते आनाऊ, 3 रात्री. शेवटची रात्र परत क्वीन्सटाउनला आणि तिथूनच विमान. रात्री त्याच 11, अंतर मात्र निम्म्याहून कमी.

आता मिलफर्डचं ऐका. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड 290 किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन गाडीतच आठ तास, वर बोटीची फेरी. पहिल्या आखणीत आम्ही हे सगळं एका दिवसात कोंबलं होतं. नव्या आखणीत ते आनाऊला राहिलो आणि पुढच्या 120 किलोमीटरला चक्क बसचं तिकीट काढलं. शेवटी डोंगर, उतार आणि होमर बोगदा आहे. स्वतःची गाडी असताना बस कशाला, असं घरून विचारलं गेलंच. पण त्या रस्त्यावर तिघींनीही खिडकीतून धबधबे बघावेत, हाच आमचा हेतू होता.

आणि मोकळा ठेवलेला दिवस तिथेच उपयोगी पडला. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरासारखा धो धो. आमच्या ठरल्या दिवशी रस्ताच बंद झाला. तिसरी रात्र हातात होती म्हणून तिकिटं दुसऱ्या दिवशीची करून घेतली आणि त्या दिवशी खोलीत खिचडी करून पत्ते खेळलो. जुनी आखणी असती तर मिलफर्ड हुकलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढचं गाठायला पावसात गाडी दामटली असती.

आता तयारीचं सांगतो, हवं तर लिहून घ्या. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक आणि उजवीकडे स्टिअरिंग. आम्ही हा देश निवडला तो त्यासाठीच. परवाना इंग्रजीत असला तर चालतो, तरी आम्ही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तो वर्षभर चालतो. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीचं नाव भाड्याच्या करारात घाला, नाहीतर अपघात झाल्यास विम्याचा आधार राहत नाही. विम्यात नुकसानीची किती रक्कम आपल्याच खिशातून जाणार, तेही सही करण्याआधी विचारा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं मागतात. मुख्य चालक म्हणून थोरलीचं नाव आम्ही मुद्दाम घातलं, तेव्हा कळलं की तिच्या नावावर कार्डच नाही, सगळं भाऊजींच्या नावावर. वयाच्या 58व्या वर्षी तिने स्वतःचं कार्ड काढलं. ही एक गोष्ट तुम्ही परदेशी जाणार नसलात तरी करा.

खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारणपणे 100, गावात बहुधा 50. मागे बसणारीनेही पट्टा लावायचा. एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल पुष्कळ आहेत. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असला तर आपण थांबायचं. मागे गाड्यांची रांग लागली तर लाजू नका, जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.

खाण्याचं विसरू नका. विमानतळावर उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ लिहून द्यावा लागतो, अगदी मेतकूट आणि चटणीसुद्धा. मध तर नेऊच नका. लिहून दिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर तेवढंच जातं, पण लपवलं तर 400 डॉलर दंड आहे.

शेवटचं, थोरलीच्या भीतीचं. जाण्याआधी दोन महिने दर रविवारी पहाटे आम्ही तिला पसरणीच्या घाटात घेऊन गेलो. वाईहून पाचगणी आणि परत. पहिल्या रविवारी तिच्या तळहातांना घाम होता, पाचव्या रविवारी ती गाणं गुणगुणत होती. तिकडे लिंडिस खिंड तिनेच चढवली. वर थांबून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. कुठे पोचायची घाई नव्हती, म्हणून ती आमच्याबरोबर निवांत बसली.

तुम्ही न्यूझीलंडला जा नाहीतर कोकणात जा, आखणी करताना गप्प कोण बसलंय ते आधी बघा. तिला विचारल्याशिवाय पान भरू नका.