अलामोची साक्ष

आज जरा लांबची, अमेरिकेतल्या टेक्सासची गोष्ट सांगणार आहे.

टेक्सास आधी मेक्सिको देशात होता. जमीन अफाट, माणसं थोडी. म्हणून मेक्सिकोने अमेरिकेतल्या लोकांना जमिनी देऊन वसवलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुलामही सोबत आणले. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद करायचं ठरवलं, १८३० मध्ये अमेरिकेतून नवे लोक यायला मनाई केली. पुढे सान्ता आना या सेनापतीने सगळी सत्ता राजधानीत ओढून घेतली. तेव्हा १८३५ मध्ये ठिणगी पडली.

या लढ्यातले पुरुष आजही गाजतात. डेव्ही क्रॉकेट हा रानातला शिकारी, संसदेत निवडून गेलेला. निवडणूक हरल्यावर टेक्सासला आला. जिम बोवी सुऱ्यासाठी प्रसिद्ध, पण त्याने गुलामांचा व्यापारही केला होता. फौजेचा प्रमुख होता सॅम ह्यूस्टन.

१८३६ च्या फेब्रुवारीत सान्ता आनाने अलामोला वेढा घातला. अलामो म्हणजे जुनं मिशन, गढीसारखं वापरलेलं. आत सुमारे दोनशे लढणारे. तेरा दिवस ते टिकले. ६ मार्चला पहाटे हल्ला झाला आणि लढणारे जवळजवळ सगळे मारले गेले. क्रॉकेट आणि बोवीही गेले.

मग आतलं सांगायला उरलं कोण? काही बायका, मुलं आणि जो नावाचा गुलाम. त्यांत सुझाना डिकिन्सन होती. वय विशीतलं, कडेवर तान्ही लेक, नवरा त्याच दिवशी गेलेला. सान्ता आनाने तिला निरोप देऊन पाठवलं. तिने गोन्झालेस गावी ह्यूस्टनला बातमी दिली. ती ऐकून गावंच्या गावं उठली. पावसाचिखलात बायका मुलंबाळं घेऊन निघाल्या. वाटेत आजाराने कितीतरी दगावले.

२१ एप्रिलला ह्यूस्टनने सान हासिंतोची लढाई अठरा मिनिटांत जिंकली. टेक्सास वेगळा देश झाला आणि जवळपास दहा वर्षं तसाच राहिला.

पण बायांनो, हे स्वातंत्र्य कोणाला मिळालं? नव्या देशाच्या घटनेत गुलामगिरी कायम राहिली. जोने मंत्र्यांपुढे अलामोची हकीकत सांगितली, तरी तो गुलामच राहिला. विजयाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, २१ एप्रिल १८३७ ला, तो पळून गेला. सुझानाने त्याच वर्षाआधी सरकारकडे मदत मागितली होती. पाचशे डॉलर द्यावेत असा ठराव आला, तो नामंजूर झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर ती फुलीची खूण करायची. तरी पुढे अलामोत मेलेल्यांच्या वारसांना जमिनी मिळाव्यात म्हणून तिने साक्षी दिल्या. कोण आत होतं हे सांगायला ती होती ना.

म्हणून मला वाटतं, शूरांच्या गोष्टी ऐकाव्यात, पण दोन प्रश्न विचारावेत. यात सुटलं कोण आणि अडकलेलं राहिलं कोण? आणि हे बघणारी बाई कोण होती?

आपल्या गावातही दुष्काळ, धरण, जमिनीचे वाद पाहिलेल्या आजीबाई आहेत. अंगठा लावणाऱ्या असल्या तरी त्यांच्याकडे साक्ष आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकीला बोलतं करा. लिहिता येणारीने ते इतिवृत्ताच्या वहीत तिच्या नावानिशी लिहून ठेवावं. लिहून झालं की तिलाच वाचून दाखवा आणि मगच तिचा अंगठा घ्या.