मामाचे धेंपो, माझे साळगावकर



गोव्यात नवा माणूस भेटला की पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात. पहिला, ‘मूळ गाव कुठलं?’ आणि दुसरा, ‘साळगावकर की धेंपो?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर चहा पाजण्यापूर्वी यजमान जरा विचारात पडत!

आम्ही वास्कोचे. वडील मुरगाव बंदरात नोकरीला. वास्कोत राहणाऱ्याने साळगावकरचा पाठीराखा व्हायचं, हे आम्हा पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. वास्को स्पोर्ट्स क्लबही आमच्याच गावचा, त्यालाही मानणारे पुष्कळ होते. पण माझा जीव जडला तो साळगावकरवर. माझा मामा मात्र पणजीत राहायचा आणि तो कट्टर धेंपोवाला. आईच्या माहेरून आलेलं हे एकच वैर आमच्या घरात होतं.

साळगावकर क्लब १९५६ सालचा. धेंपोचं मूळ डिचोलीच्या एका क्लबात आहे. साठच्या दशकात धेंपो घराण्याने तो आपल्या छत्राखाली घेतला. दोन्ही घराणी खाण व्यवसायातली. क्लबला नाव मालकाचं, गावाचं नव्हे, ही गोव्याच्या फुटबॉलची खास रीत. त्यामुळे आमचे बरेच खेळाडू कंपनीत नोकरीला असत. सकाळी मैदानावर सराव, मग कचेरी. मैदानावर ज्याच्या नावाने ओरडलो, तोच दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर शेजारी उभा असे.

सामना पणजीला असला की आमची खरी परीक्षा असायची. झुआरी नदीवर तेव्हा पूल नव्हता. कुठ्ठाळीला उतरायचं, फेरीबोटीने आगशीला जायचं आणि तिथून पुन्हा बस. मामा कांपालच्या मैदानावर जागा धरून बसलेला असे. पैज ठरलेली होती. ज्याचा संघ हरेल त्याने दुसऱ्याला पातळ भाजी-पाव खाऊ घालायचा. आम्ही हरलो की मामा पूर्ण नव्वद मिनिटं गप्प राहिल्याची कसर भरून काढी. ‘भाच्या, आयज खंय गेले तुजे साळगावकर?’ एवढं एकच वाक्य, पण ते तो भाजी संपेपर्यंत दहा वेळा ऐकवी. परतीच्या बोटीत तर दोन्ही बाजूंचे लोक असत. नदी ओलांडेपर्यंत सामना पुन्हा एकदा खेळला जाई.

मी जिंकलो त्या दिवशी मीही काही कमी बोलत नसे, हेही सांगायला हवं.

पण एक गंमत सांगतो. संतोष करंडक आला की हे वैर गुंडाळून माळ्यावर जाई. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला हरवून करंडक एकट्याने जिंकला. तेव्हा गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर. ब्रह्मानंद आमच्या साळगावकरचे. एरवी मामा त्यांच्या नावाने बोटं मोडायचा. त्या दिवशी मात्र ‘आमचा ब्रह्मानंद’ म्हणाला. मी ऐकलं आणि मुद्दाम काही बोललो नाही.

तसंच १९९८-९९ चं. राष्ट्रीय फुटबॉल लीगचं विजेतेपद साळगावकरने पटकावलं. तो मान मिळवणारा गोव्याचा तो पहिला क्लब. ब्रुनो कुतिन्हो तेव्हा आमच्या संघात होता. त्या वेळी पैज नव्हतीच, तरी मामाने बोलावून भाजी-पाव खाऊ घातला. म्हणाला, ‘कोलकात्याच्या लोकांना दाखवलं, बरं झालं. पण पुढच्या वर्षी आमच्याशी गाठ आहे.’

आता थोडं वेगळं सांगतो. ५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि त्यातच गेला. वय अवघं २५. धेंपोने सामना जिंकला, चषक जिंकला. पण त्या रात्री पणजीत फटाका वाजला नाही. मी मामाला फोन केला. काय बोलावं ते सुचेना. मामाच हळू आवाजात म्हणाला, ‘दोन गोल केले रे पोराने.’ बस्स, एवढंच. पुढे धेंपोने त्याचा दहा नंबर कायमचा काढून ठेवला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली. आयुष्यात पहिल्यांदा धेंपोच्या विजयाने मला बरं वाटलं.

त्यानंतरची वर्षं म्हणजे गोव्याच्या फुटबॉलची दिवाळी. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचं लीग विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, आणि २०१०-११ मध्ये आमचं साळगावकर. मामा पैजा जिंकून जिंकून कंटाळला असेल!

मग २०१६ साल आलं. इंडियन सुपर लीगला देशातली सर्वोच्च स्पर्धा करण्याची योजना पुढे आली आणि आय-लीगचं स्थान घसरणार हे दिसू लागलं. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यांची बाजू मला कळते. संघ चालवायला पैसा लागतो आणि तो आम्ही पाठीराखे देत नव्हतो. पण त्या दिवशी प्रथमच जाणवलं, की चाळीस वर्षं आपण ज्याला ‘माझा क्लब’ म्हणत आलो, त्यात आपलं काय होतं? नाव घराण्याचं, निर्णय घराण्याचा. आपली होती ती फक्त फेरीबोटीतली भांडणं आणि भाजी-पाव.

मामाला मी तसं म्हणालो. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. म्हणाला, ‘अरे, भांडण आपलं होतं ना? मग क्लबही आपलाच.’

मामा २०१८ मध्ये गेला. धेंपोने २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये पुनरागमन केलं, ते पाहायला तो नव्हता. मी मात्र मोबाईलवर सामना लावून बसलो. धेंपोचा गोल झाला आणि मी, जन्माचा साळगावकरवाला, खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग फोन करावा म्हणून हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

श्रोतेहो, तुमच्या गावात रविवारी कुठे ना कुठे सामना असेलच. जरूर जा. कुठल्याही एका संघाची बाजू घ्या आणि शेजारी बसलेल्या विरोधकाशी पैज लावा. हरलात तर भाजी-पाव खाऊ घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)