'अजून एक होतं, डॉक्टर'



आमच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर कार्यवाहांनी हळूच विचारले, "फळ्यावर नेमके काय लिहू?" शेवटी त्यांनी 'मूत्राशयाचे आरोग्य' असे लिहिले. आम्ही हरकत घेतली नाही. पण जो शब्द फळ्यावर लिहवत नाही, तो दवाखान्यात तरी तोंडातून कसा निघावा? बायका कंबरदुखी सांगतात, थकवा सांगतात, औषधाची चिठ्ठी घेऊन दाराशी जातात, आणि तिथून मागे वळून म्हणतात, "अजून एक होतं, डॉक्टर." ते 'अजून एक' म्हणजे लघवी न आवरणे. तोच आजचा विषय.

चाकणच्या एका कारखान्यात जुळणीच्या कामावर असलेली एक बाई आमच्याकडे आली होती. वय चाळीसच्या आत, दोन बाळंतपणे झालेली. सकाळच्या पाळीसाठी ती भोसरीहून पहाटे कंपनीच्या बसने निघे. लाइन सुरू झाली की बदली माणूस आल्याखेरीज जागा सोडता येत नसे. म्हणून ती उठल्यापासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. एवढे करूनही घरी परतल्यावर कुलपात किल्ली घालताच तिला आवरेनासे होई. गडद रंगाचेच कपडे घालायचे, लग्नकार्य टाळायचे, असे दोन वर्षे चालले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बायकांना हे चालायचंच." राजीनाम्याचा कागद तिने लिहून पर्समध्ये ठेवला होता. नवऱ्याला कारण ठाऊक नव्हते.

हे 'चालायचंच' आम्हांला मान्य नाही.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. त्याच्या निम्म्याच्या आत असतानाच ती मेंदूला पहिली वर्दी देते आणि मेंदू 'थांब जरा' म्हणतो. काहींच्या बाबतीत हा निरोप पाळला जात नाही; पिशवी भरायच्या आतच आवळू लागते. घाई अनावर होते, दिवसात आठाहून अधिक खेपा होतात, रात्री झोपमोड होते. हे अतिक्रियाशील मूत्राशय. दुसरा प्रकार निराळा. पिशवीला खालून पेलणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणाने, लठ्ठपणाने, जुनाट खोकल्याने किंवा बद्धकोष्ठाने सैल होतात. मग शिंकताना, हसताना, ओझे उचलताना थेंब सुटतात. पुष्कळ जणींना दोन्ही असते. आमच्या या बाईंना मुख्यतः पहिला प्रकार होता, थोडा दुसराही.

पाणी सोडणे हा उपाय सर्वांना सुचतो आणि तोच अंगाशी येतो. लघवी दाट होऊन पिशवीला चुरचुरते, मलावरोध होतो, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. उलट, 'बस सुटायच्या आधी जाऊन येऊ' असे म्हणत तासातासाला गेले, तर पिशवीला थोडक्यातच बोलावण्याची सवय लागते.

आता या पिंपरीत थोडे परखड बोलायला हवे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने या गावाचे नाव पेनिसिलीनशी जोडले. प्रतिजैविक काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको: ते जंतू मारते. लघवीत जंतू असतील तर ते जरूर घ्यावे, आणि त्यासाठी आधी लघवी तपासावी, रक्तातली साखरही पाहावी. पण जंतू नसताना दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्याने पिशवीला शिस्त लागत नाही.

शिस्त लावावी लागते ती निराळ्या रीतीने. प्रथम तीन दिवस वहीत लिहावे: किती प्यालो, केव्हा गेलो, केव्हा सुटली. मग तळाच्या स्नायूंचा व्यायाम. १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी तो वैद्यकापुढे मांडला. वायू रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळावेत, जमेल तसे पाच ते दहा अंक धरावेत, तितकाच वेळ सोडावेत. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. पोट आवळू नये, श्वास कोंडू नये. लघवी मध्येच अडवून रोज सराव करू नये. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नये. इथेच बहुतेक जण हरतात. घाईचा लोंढा आला की धावू नये. बसावे, चार-पाचदा झटपट आवळावे, लोंढा ओसरल्यावर चालत जावे. दोन खेपांमधले अंतर हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवावे. कारखान्यातला चहा कमी करावा, वजन उतरवावे.

याने भागले नाही तर औषधे आहेत. काहींनी तोंडाला कोरड पडते, मलावरोध होतो, वृद्धांना भ्रम होऊ शकतो. काहींत रक्तदाब पाहावा लागतो. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नये. खोकताना सुटणाऱ्या लघवीवर शस्त्रक्रियाही आहे. अंग बाहेर येण्याच्या दुखण्यावर गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत नाव कमावलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी बसवलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुरुषमंडळी इतका वेळ निर्धास्त बसली आहेत. त्यांनाही हे दुखणे होते. उतारवयात प्रोस्टेटची ग्रंथीही वाढते, आणि तुंबलेली लघवी ठिबकू लागते. लघवीत रक्त दिसले, लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट वैद्यकाच्या बाहेरची आहे. शौचालये व मूत्रीघरे कामगारांना सर्व वेळी वापरता येतील अशी असावीत, स्त्रियांची निराळी असावीत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले. आमच्या बाईंच्या कारखान्यात मूत्रीघर होते, पण उठायला माणूस नव्हता. आम्ही तिला चिठ्ठी दिली. ती दाखवायला तिला आठ दिवस धीर होईना. दाखवल्यावर पर्यवेक्षकाने एवढेच विचारले, "आधी का नाही सांगितलंत ताई?" आणि बदलीची सोय लावली.

चौथ्या महिन्यात ती आली. रात्रीचे उठणे एकदाच राहिले होते. खोकताना अजून कधी थेंब सुटे. राजीनाम्याचा कागद फाडला का, हे आम्ही विचारले नाही. वही पुढे करून ती म्हणाली, "बाहेर माझ्या जाऊबाई बसल्यात. त्यांना गुडघे दाखवायचेत म्हणतात. पण तुम्ही विचारा."